कोकणात पहिली मोठी बाईक: वजन, खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस

सव्वाशे सीसीच्या गाडीवरून थेट साडेतीनशे किंवा त्याच्या वरच्या गाडीवर येणारा माणूस आधी पिकअप विचारतो, मग ऍव्हरेज. कोकणात हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. इथे मोठी गाडी पळून जेवढी झिजते त्याहून जास्त उभी राहून खराब होते. खारा वारा, जून ते सप्टेंबरचा पाऊस, पायाखाली जांभा नाहीतर वाळू, आणि बऱ्याच घरी मालक मुंबईला तर गाडी गावच्या पडवीत. दुसरी अडचण वजनाची. नव्या मालकांच्या गाड्या बहुतेक वेळा वेगात पडत नाहीत, घरासमोर वळवताना पडतात. पुढचं सगळं मुख्यतः या दोन गोष्टींबद्दल आहे.

पैसे भरण्याआधी

स्प्लेंडरसारखी गाडी ११०-११५ किलोची. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, हिमालयन ४५० चं १९६, इंटरसेप्टर ६५० दोनशेच्या वर. गाडी चालती असताना हा फरक विसरायला होतो, ढकलायची वेळ आली की आठवतो. म्हणून शोरूमच्या सपाट फरशीवर बसून निर्णय घेऊ नका, आपल्या घरची वाट डोळ्यासमोर आणा. रस्ता वर आणि घर खाली असेल, बेड्यातून (आवाराच्या दारातून) आत आल्यावर खळ्यात (अंगणात) वळायला जागा नसेल, तर रोज सकाळी दोनशे किलो चढावर उलटे ढकलावे लागतील. ते एकट्याला जमत नाही. टेस्ट राइडच्या वेळी गाडी जरा चढावर न्या, इंजिन बंद करा आणि मागे ढकलून बघा. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे तरी नीट टेकले पाहिजेत. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटरवर आहे, हिमालयन ४५० ची ८२५ वर आणि ती ८४५ पर्यंत चढवता येते. सपाट रस्त्यावर दोन सेंटिमीटरने काही बिघडत नाही. पण खडीच्या उतारावर थांबलात, उताराकडचा पाय टेकेना, तर गाडी त्याच बाजूला जाते आणि हाताने धरून ठेवता येत नाही.

खर्चाची रेघ ३५० सीसीला ओढलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर ४० टक्के. विम्याचंही तसंच. २०२२ च्या दरपत्रकात थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये होता. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, त्यामुळे हा फरक पहिल्याच दिवशी बिलात उतरतो. ३४९ सीसीच्या गाड्या बाजारात एवढ्या दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. घाटात दोन माणसं आणि सामान घेऊन नेहमी जायचं असेल तर चारशेची गाडी सुखाची. गुहागर ते चिपळूण, मालवण ते कणकवली एवढ्याच फेऱ्या असतील तर ३४९ भरपूर झाली.

विम्यात एक गोष्ट कोकणातल्या माणसाने सोडू नये, ती म्हणजे इंजिन प्रोटेक्ट, इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर. साध्या पॉलिसीत पुराने गाडी वाहून गेली किंवा बुडाली तर भरपाई मिळते. पण इंजिनात पाणी गेल्यावर सेल्फ मारून इंजिन खराब झालं तर ते नुकसान मालकाच्या कृतीने झालं असं धरून दावा नाकारला जातो. इंजिन प्रोटेक्टमधली अट तेवढी वाचून घ्या. झिरो डेप (भरपाई देताना भागांची घसारा कपात न करणारं कव्हर) पहिली दोन-तीन वर्षं घेणं फायद्याचं, कारण मोठ्या गाडीचे प्लास्टिक आणि रबराचे भाग महाग असतात.

सर्व्हिस सेंटर किती लांब आहे तेही आधी बघा. जिल्ह्यात त्या कंपनीचं एकही सेंटर नसेल तर प्रत्येक सर्व्हिसला आंबा घाट नाहीतर गगनबावडा चढून कोल्हापूर गाठावं लागतं, आणि वॉरंटीच्या कामाला दोन-दोन दिवस जातात.

जुनी गाडी घेत असाल तर ती पुरात होती का हे तपासणं सगळ्यात महत्त्वाचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येते, आणि वरवर बघून ती ओळखता येत नाही. सीट काढा. बॅटरीच्या डब्याच्या कोपऱ्यात, एअर फिल्टरच्या पेटीत, हेडलाइटच्या वाटीत सुकलेल्या गाळाची बारीक रेघ राहते. वायरचे जोड उघडून बघा, आतल्या पितळेच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर तो सौदा सोडा. मीटरच्या काचेच्या आत धुकं, सीटच्या फोममध्ये कुबट वास आणि गाडी चकाचक असताना फक्त सीटखालचे स्क्रू गंजलेले, या तीन खुणा एकत्र दिसल्या तर कितीही स्वस्त असली तरी गाडी घेऊ नका.

कागदपत्रांचं फार काही नाही. गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स असेल तर मोठ्या गाडीला वेगळं लागत नाही. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, पुढे दर वर्षी करायची. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे आणि त्यावर आयएसआयचा शिक्का हवा. सायलेन्सर बदलून आवाज वाढवू नका, दंड होतो आणि वॉरंटीवरही हरकत घेतली जाते.

वजन सांभाळायचं कसं

पहिल्या आठवड्यात घाटात जाऊ नका. शाळेचं किंवा क्रिकेटचं मोकळं मैदान बघून तासभर फक्त हळू चालवा. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा, जिथे गाडी पुढे ओढायला लागते तिथे धरून ठेवा. रेस थोडी आणि एकसारखी. वेग मागच्या ब्रेकने आवरा. वळताना पुढचा ब्रेक बिलकुल दाबायचा नाही. हँडल वळलेलं असताना हळू वेगात पुढचा ब्रेक लागला की गाडी जागच्या जागी आडवी होते. नवा माणूस गाडी पाडतो तो बहुतेक वेळा अशाच वेळी. नजर चाकापुढे नको, जिथे जायचं तिकडे. एका गाडीरस्त्याच्या रुंदीत दोन्ही बाजूंना न थांबता वळता आलं की मग गावातून फिरा.

उभी करताना तीन नियम. उतारावर नेहमी पुढचं चाक चढाच्या बाजूला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे स्टँडवरून पुढे घसरत नाही. दुसरा, साईड स्टँडखाली काहीतरी सपाट हवं. उन्हाळ्यात कडक वाटणारी लाल माती जुलैत लोण्यासारखी होते. संध्याकाळी उभी केलेली गाडी रात्रीत स्टँड रुतून आडवी पडते. चार इंच लांब-रुंद आणि अर्धा इंच जाड फळीचा तुकडा डिकीत ठेवा, त्याला दोरी बांधली तर वाकायलाही नको. तिसरा, माडाखाली गाडी लावू नका. नारळच पडायला हवा असं नाही, सुकलेली झावळ टाकीला खोल पोचा पाडायला पुरेशी असते. जूनमध्ये फणसाखालीही तेच.

जांभ्याच्या खळ्यात आणि पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) तोंडाशी पावसाळ्यात शेवाळ धरतं. त्यावर गाडी नव्हे, आधी तुमचा पाय घसरतो आणि पाठोपाठ गाडी येते. मिरगाआधी (मृग नक्षत्राआधी) गाडीची वाट तारेच्या ब्रशने घासून घ्या, आणि शेवाळ पुन्हा दिसलं की ब्लीचिंग पावडर टाकून परत घासा. ती पावडर गाडीवर उडू देऊ नका, ऍल्युमिनियम काळवंडतं.

गाडी पडलीच तर घाई करू नका. आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग चावी बंद. पेट्रोल वाहत असेल तर आसपास कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना ते बघा. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधीच साईड स्टँड खाली काढून ठेवा. नाहीतर गाडी उभी होते आणि पलीकडे कोसळते. डाव्या अंगावर पडली तर स्टँड खालीच दबलेला असतो, तेव्हा उभी केल्यावर पायाने काढायचा. शक्य असेल तर पहिला गिअर टाका म्हणजे चाक फिरत नाही. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करा, ढुंगण सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने जमिनीकडची हँडलची मूठ, दुसऱ्याने सीटखालची चौकट किंवा मागचं कॅरिअर धरा. पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत गाडी उभी करा. कमरेत वाकून, तोंड गाडीकडे करून ओढलंत तर कंबर धरते. उभी झाल्यावर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, गिअरचा पाय आणि आरसे तपासा, दोन मिनिटं थांबून मग सेल्फ मारा. क्रॅश गार्ड लावून घ्या. हळू पडल्यावर टाकी आणि इंजिनचं कव्हर त्यानेच वाचतं.

पहिले हजार किलोमीटर

इंजिन बसण्याच्या काळात सतत एकाच वेगाने चालवणं आणि वरच्या गिअरमध्ये ओढत नेणं, दोन्ही वाईट. कोकणातल्या रस्त्यांवर वेग आपोआपच बदलत राहतो, त्यामुळे पहिल्याची काळजी नाही. दुसऱ्याची आहे. चढावर गाडी थडथडायला लागली, रेस दिली तरी ओढेना, म्हणजे गिअर एकाने कमी करायला हवा होता. मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनला 'टॉर्क आहे, ओढेल' म्हणून पाचव्यात कशेडी चढवणं हे बेअरिंगला आणि चेनला मारक आहे.

नवे टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर चांगली पकड देत नाहीत आणि नवे ब्रेक पॅडही बसलेले नसतात. डिलिव्हरी पावसात असेल तर ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पहिली सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जेवढे किलोमीटर किंवा जेवढे दिवस लिहिलेत त्यातलं जे आधी येईल तेव्हा. पहिल्या तेलात धातूचा बारीक चुरा असतो, ते तेल लांबवू नका. तेलाचा ग्रेडही मॅन्युअलमधलाच. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. चारचाकीचं तेल टाकलं तर मोटरसायकलचा तेलात बुडालेला क्लच घसरतो.

खारा वारा

गंज पहिल्यांदा कुठे दिसतो? स्पोकच्या निपलांवर, सायलेन्सरच्या खालच्या बाजूला, मेन स्टँडच्या स्प्रिंगवर आणि चेनच्या बाजूच्या पट्ट्यांवर. या चार जागा आठवड्यातून एकदा नुसत्या बघितल्या तरी अर्धं काम होतं, कारण सुरुवातीचा तपकिरी डाग कापडाने निघतो आणि महिनाभराने तो पॉलिशनेही निघत नाही.

किनाऱ्यालगत राहणाऱ्याने गाडी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावी, समुद्राचं पाणी उडालं असेल तर त्याच दिवशी. पाणी गोडं आहे ना हे तपासा. मार्च-एप्रिलनंतर किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्याने धुतलेली गाडी म्हणजे हाताने मीठ लावलेली गाडी. तेव्हा नळाचं दोन बादल्या पाणी वापरलेलं बरं.

इंजिन थंड झाल्यावरच धुवा. आधी नुसतं पाणी वरून खाली सोडा म्हणजे वाळू आणि मीठ निघून जाईल. कोरड्या फडक्याने पुसायला गेलात तर तीच वाळू टाकीवर ओरखडे पाडते. मग गाडीचा शॅम्पू, भांड्याची पावडर नको. चाकांना वेगळं फडकं. धुऊन झाल्यावर सुक्या कापडाने पुसा आणि गाडी दोन-तीन किलोमीटर फिरवून आणा, मध्ये मध्ये ब्रेक दाबा. त्या उष्णतेने फटींतलं पाणी सुकतं. धुऊन तशीच उभी करणं हे न धुण्यापेक्षा वाईट. वॉशिंग सेंटरला नेलीत तर प्रेशरचा फवारा चाकांचे बेअरिंग, हँडलखालचं बेअरिंग, चेन, स्विच आणि मीटर यांच्यावर मारू देऊ नका. पाणी सिलांतून आत जातं, ग्रीस बाहेर येतं आणि सहा महिन्यांनी हँडल मधोमध अडकल्यासारखं लागायला लागतं.

धुतल्यावर फ्रेमचे जोड, नटबोल्ट आणि स्टँड यांना गंजरोधक स्प्रे कापडावर घेऊन पुसा. ब्रेकच्या डिस्कवर, पॅडवर, टायरवर एक थेंबही जाता कामा नये. जळकं तेल खालून फासायची पद्धत अजून कुठे कुठे दिसते. ती करू नका. ते तेल रबर फुगवतं आणि वर चिकटलेली लाल धूळ ओलावा धरून ठेवते. बॅटरीच्या टर्मिनलवर पेट्रोलियम जेली, वायरच्या जोडांत डायइलेक्ट्रिक ग्रीस. हे ग्रीस वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, सीटखालच्या आणि हेडलाइटच्या प्रत्येक जोडात भरा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पावसात मध्येच बंद पडणाऱ्या गाड्यांची निम्मी कारणं याच जोडांत असतात.

सायलेन्सर आतूनही गंजतो. जळलेल्या पेट्रोलातून वाफ निघते आणि पाच मिनिटांच्या फेरीत ती आतच पाणी होऊन साचते. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठी गाडी नेत असाल तर आठवड्यातून एकदा तरी तिला वीस मिनिटं नीट पळवा. सायलेन्सरच्या पोटाला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजू देऊ नका.

लाल चिखलाचे दोन दोष इथे वारंवार दिसतात. गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, न्यूट्रलला व्यवस्थित चालतं. अशा वेळी आधी साईड स्टँडचा स्विच बघा. त्यात चिखल जाऊन स्टँड खाली आहे असं गाडीला वाटत राहतं. पाण्याने धुवा, स्टँड दहा-बारा वेळा वरखाली करा, स्प्रे मारा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. दुसरा दोष, एबीएसचा दिवा जात नाही. चाकाजवळच्या सेन्सरवर आणि त्याच्या भोकाभोकांच्या चकतीवर चिखल बसलेला असतो, मऊ ब्रशने काढा. तरीही दिवा राहिला तर मेकॅनिककडे न्या. एबीएस बंद असलं तरी साधा ब्रेक लागतोच, फक्त ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ शकतं.

चेन

उन्हाळ्यात दर ५०० किलोमीटरला, पावसात दर ३०० ला किंवा दिवसभर भिजल्यावर त्याच संध्याकाळी. मोठ्या गाडीच्या चेनमध्ये ग्रीस आतच कोंडलेलं असतं आणि बारीक रबरी रिंगा ते धरून ठेवतात. पेट्रोल आणि तारेचा ब्रश या रिंगा मारतो. केरोसिन किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलला, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून फिरत्या चाकाला फडकं लावल्याने बोटं तुटलेली आहेत. चाक हाताने उलटं फिरवत चारही बाजू घासा, फडक्याने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. मग चेन ल्युब आतल्या बाजूने, खालच्या पट्ट्यावर, रोलर आणि पट्टीच्या मधल्या फटीत. स्प्रे नसेल तर नव्वद नंबरचं गिअर ऑइल चालतं. रात्री लावा, सकाळी जास्तीचं पुसून टाका. तेल भरपूर ओतण्यात फायदा नाही, उलट वाळू चिकटून चेन आणि स्प्रॉकेट दोघंही झिजतात.

ढिलाई दोन स्प्रॉकेटच्या मधोमध मोजायची. बऱ्याच गाड्यांत ती २५ ते ३५ मिलिमीटर असते, नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर. चाक फिरवून तीन-चार जागी मोजा आणि सगळ्यात घट्ट जागा धरून ताण द्या. ताण जास्त झाला तर खड्ड्यात मागचं चाक वर जाताना चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टला ओढते, आणि ती दुरुस्ती चेनसेटच्या कितीतरी पट महाग पडते. जराशी ढिली चालेल, घट्ट नको.

पावसातला रस्ता

मे महिन्यातच टायर बघा. खाचांच्या तळाशी झिजेची खूण असते. तिथपर्यंत थांबू नका, खाच दोन मिलिमीटरवर आली की पावसाळ्याआधी टायर बदला. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांची तारीख असते, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. हवा गाडी थंड असताना, स्टिकरवर लिहिलेली तेवढीच. पावसात हवा कमी केल्याने पकड वाढते हा समज चुकीचा आहे, खाचा दबून पाणी बाहेर फेकलं जात नाही.

पहिल्या दोन-तीन सरींत रस्ता सगळ्यात घसरडा असतो, वर्षभराचं तेल वर येतं. नंतर मोठ्या पावसात तो धुतला जातो. पुलांच्या लोखंडी सांध्यांवरून, रंगाच्या पट्ट्यांवरून आणि डांबरावर वाहून आलेल्या लाल चिखलावरून जाताना गाडी सरळ ठेवा, ब्रेक नको. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरांच्या आसपास एक वेगळा धोका आहे. मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी सांडत जातं आणि चढाच्या वळणावर त्याचा चिकट पट्टा राहतो. वासाने तो आधी कळतो, डोळ्यांना दिसत नाही. वास आला की वेग कमी.

साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर थांबा. गुडघाभर वाहतं पाणी दोनशे किलोच्या गाडीला बाजूला सारतं. जड गाडी तरून जाईल हा भ्रम ठेवू नका. थांबलेलं पाणी चाकाच्या आसाच्या खाली असेल तरच पहिल्या गिअरमध्ये, एकसारखी रेस धरून, न थांबता पार करा. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चाला म्हणजे पॅड सुकतात. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फला हात लावू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, आणि वर येणारा पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा, एअर फिल्टरची पेटी उघडून पाणी काढा, प्लग काढून थोडा सेल्फ मारा म्हणजे पाणी भोकातून बाहेर उडेल. तेलाच्या काचेत तेल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. आणि विम्याचा दावा करणार असाल तर यातलं काहीच न करता गाडीचे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टेम्पोतून न्या.

घाट आणि जेटी

कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली, कुठलाही घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. नुसत्या ब्रेकवर दोनशे किलो अधिक दोन माणसं खाली आणलीत तर ब्रेक ऑइल तापतं आणि लिव्हर मऊ पडतो. इथल्या दमट हवेत ब्रेक ऑइल ओलावाही लवकर ओढतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी ते बदलणं टाळू नका. एसटीला आंधळ्या वळणावर पूर्ण रुंदी लागते. तुम्ही आपल्या बाजूच्या कडेकडे राहा, हॉर्न द्या, आणि मधल्या पट्टीला खेटून गाडी झुकवू नका. चाकं पट्टीच्या आत असली तरी झुकलेलं डोकं पलीकडे गेलेलं असतं.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा या जेट्टींवर गाडी चढवताना ओहोटीच्या वेळी जपून. तेव्हा उतरणीचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो. मागे बसलेल्याला आधी उतरवा, पहिला गिअर, पाय खाली सोडून, मधे न थांबता. बोटीवर गाडी साईड स्टँडवर आणि गिअरमध्ये ठेवून शेजारीच उभे राहा. वाळूवर मात्र गाडी नेऊ नका. बहुतेक किनाऱ्यांवर बंदी आहे, आणि भरतीत रुतलेली गाडी काढेपर्यंत खारं पाणी बेअरिंगपर्यंत पोचलेलं असतं.

मालक मुंबईत, गाडी गावाला

गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतीच गाडी वापरणाऱ्यांसाठी हा भाग. ताडपत्रीने किंवा प्लास्टिकने घट्ट गुंडाळलेली गाडी आतल्या आत घामाघूम होते आणि उघड्या गाडीपेक्षा लवकर गंजते. पडवीत किंवा मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये), वारा खेळेल अशी, वर सुती चादर घालून ठेवा. मेन स्टँडवर, आणि पुढच्या चाकाखाली फळी. टायरमध्ये हवा पूर्ण.

टाकी काठोकाठ भरा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. टाकी अर्धी असेल तर वरच्या हवेतला ओलावा रोज रात्री पत्र्यावर सुटतो, पेट्रोलात उतरतो, आणि पुरेसा साचला की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे होतात. पंप नेमका तळातूनच ओढतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली आली की चार्ज करा, ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.८ अँपिअरच्या आसपास. मोठा करंट देणारा ट्रकचा चार्जर लावू नका. घरातल्या कुणाला 'दर रविवारी गाडी पाच मिनिटं चालू करा' असं सांगून जाऊ नका. पाच मिनिटांत सेल्फने खर्चलेली वीजही भरून येत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. कुणी चालवू शकत असेल तर पंधरा दिवसांनी अर्धा तास फिरवायला सांगा, नाहीतर हात लावू नका म्हणावं. बॅटरी पूर्ण बसली तर आताच्या इंजेक्शनच्या गाड्या ढकलूनही चालू होत नाहीत, टाकीतल्या पेट्रोलच्या पंपालाच वीज मिळत नाही.

आता कुंभारीण माशी. सुपारीएवढी मातीची घरं ती बंद भोकांत बांधते आणि उभ्या गाडीत तिला हवी तशी भोकं सापडतात. सायलेन्सरचं तोंड सहज दिसतं, पण खरा त्रास टाकीच्या झाकणाभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक रबरी नळीत असतो. तिचं खालचं टोक इंजिनच्या मागे लोंबत असतं. ते मातीने बंद झालं की पावसाचं पाणी झाकणाभोवतीच्या खळग्यात साचतं आणि हळूहळू टाकीत उतरतं. गाडी चालू होते, दोन किलोमीटरवर फटफटते, मेकॅनिक प्लग बदलतो, फरक पडत नाही. टाकीची हवेची नळी बंद झाली तर लक्षण वेगळं. गाडी चालता चालता मरते, झाकण उघडलं की 'फुस्स' असा आवाज येतो आणि परत चालू होते. दोन्हीला उपाय एकच, नळीच्या टोकातून बारीक तार हलक्या हाताने घालून माती काढायची. गाडी ठेवून जाताना सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा आणि नळ्यांच्या टोकाला पातळ जाळी बांधा. बोळा लाल रंगाचा घ्या आणि चावीला चिठ्ठी बांधा, म्हणजे चालू करताना विसरणार नाही.

उंदीर वायर कुरतडतात, विशेषतः शेजारी भाताची कणगी किंवा पेंढा असेल तर. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून सीटखाली आणि एअर फिल्टरजवळ ठेवा, महिन्याने बदला. परत आल्यावर सेल्फ मारण्याआधी सीट काढून एकदा आत बघाच.

गाडीवर काय ठेवायचं

स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे ट्यूबचे पॅच असतात, पण तुमच्या मागच्या आसाचा मोठा पाना आणि त्या मापाची ट्यूब असेलच असं नाही. दोन्ही सोबत ठेवा. पुढची ट्यूब अडचणीच्या वेळी मागे घालून हळू घरी येता येतं, म्हणून एकच न्यायची तर पुढची. ट्यूबलेस असेल तर पट्ट्यांचं किट आणि पायाने मारायचा पंप. याशिवाय क्लचची केबल. ती तुटण्याआधी मुठीजवळ एक-दोन तारा सुटलेल्या दिसतात, म्हणून महिन्यातून एकदा लिव्हर दाबून तिथे बघा. मूळ रेटिंगचे दोन फ्यूज, प्लगचा पाना, कॉटनची जुनी बनियन आणि सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत आरसीची प्रत. टॉर्च डोक्याला लावायचा घ्या, चेन बसवताना दोन्ही हात लागतात.